गुलाबी सीरम

रविवारी सकाळी शेजारचे अण्णा मोबाइल पुढे धरूनच आत आले. "बघ गं जरा. हे करून टाकू का?"

कुठल्याशा कंपनीचं पीडीएफ होतं. वर डीएनएचा निळा पीळ, खाली जाड ठशात 'नोबेलविजेत्या विज्ञानावर आधारित', आणि त्याखाली मायक्रोआरएनए चाचणी. मधुमेह, फॅटी लिव्हर, हृदयविकार, सगळं दहा वर्षं आधी सांगणार. किंमत पाच आकडी. माणूस घरी येऊन रक्त नेणार, रिपोर्टासोबत आहाराचा तक्ता फुकट.

अण्णांचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, मला जवळपास पाठ आहे. ट्रायग्लिसराइड २१२, 'चांगलं' कोलेस्टेरॉल एचडीएल ३४, 'वाईट' एलडीएल ११८, उपाशीपोटी साखर १०९. हातपाय काटकुळे, आणि शर्टाचं पोटावरचं तेवढं एक बटण ताणलेलं.

"रक्त तपासायला कुठे नेणार म्हणे?"

"दिल्लीकडे कुठेतरी. का?"

"मे महिना आहे, अण्णा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मे महिन्याचा आणि नोबेलचा संबंध त्यांना लागेना. मला तो लागतो, कारण तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी चोवीस वर्षं काढली, आणि त्यातला बराच वेळ ट्यूब उजेडासमोर धरून बघण्यात गेला. रक्त गोठलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, की वर जो पाण्यासारखा भाग राहतो ते सीरम. ते गवतासारखं फिकट पिवळं हवं. शीर नीट सापडली नाही म्हणून सुई दोनदा फिरवली, सिरिंज जोरात ओढली, ट्यूब स्कूटरच्या डिकीत दुपारभर तापली, की लाल पेशी फुटतात आणि सीरम गुलाबी होतं. गुलाबी सीरमवर पोटॅशियम लावायचं नाही, आकडा खोटा वाढलेला येतो, हे डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब तंत्रज्ञाच्या पदविकेच्या, पहिल्या वर्षाच्या पोरीलाही माहीत असतं. कोलेस्टेरॉल मात्र थोडंफार सोसतं. मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांचा आवाज दाबणारे आरएनएचे बारके तुकडे, अजिबात सोसत नाहीत. लाल पेशींमध्ये मिर-४५१ आणि मिर-१६ नावाचे मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. चार पेशी फुटल्या तरी सीरममधला त्यांचा हिशेब उलटापालटा होतो. गंमत म्हणजे बाकीचे मायक्रोआरएनए मोजताना 'हा स्थिर असतो' असं धरून कित्येक अभ्यासांनी याच मिर-१६ चं माप वापरलं. तराजूतलं वजनच ओलं, मग तांदूळ किती भरला ते कोण सांगणार?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. मायक्रोआरएनएचं विज्ञान खरं आहे आणि मोठं आहे. आपल्या सरकारनं त्यात आजच्यापेक्षा जास्त पैसा घालावा. आणि ते खरं आहे म्हणूनच आज, या अवस्थेत, अण्णांना ते चाचणी म्हणून विकायला मनाई असावी. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात आहेत असं पुष्कळांना वाटतं. मला नाही वाटत.

पीडीएफवर ज्या नोबेलचा शिक्का मारला होता ते २०२४ चं. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या दोघांना मिळालं. काम १९९३ चं, आणि तेही मिलिमीटरभर लांबीच्या एका किड्यावरचं. लिन-४ नावाचं एक जनुक प्रथिन बनवतच नाही, नुसता बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा बनवतं, आणि तो तुकडा दुसऱ्या जनुकाचा आवाज दाबतो, असं त्यांना दिसलं. लोकांनी ऐकलं आणि सोडून दिलं. किड्याची काहीतरी खोड असेल म्हणाले. २००० साली रुव्हकुनच्या प्रयोगशाळेत लेट-७ सापडला, आणि तो माणसासकट प्राणिसृष्टीत दूरवर पसरलेला निघाला, तेव्हा मंडळी जागी झाली. सात वर्षं कुणाला गरज वाटली नव्हती. हे लक्षात ठेवायला हवं, पुढे पैशाची गोष्ट निघेल तेव्हा उपयोगी पडेल.

हा तुकडा करतो काय, हे मी पोरींना शिकवताना खानावळीचं उदाहरण देते. पदार्थांची मूळ वही मालकाच्या कपाटात बंद, ती म्हणजे डीएनए. गिऱ्हाईक आलं की वहीतून उतरवून एक चिठ्ठी आत भटारखान्यात जाते. ती चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए, आणि भटारखान्यात शिजतं ते प्रथिन. आता भटारखान्याच्या दारात एक पोऱ्या उभा आहे. काही चिठ्ठ्या अडवायच्या एवढंच त्याचं काम. तो अख्खी चिठ्ठी वाचत नाही. सात-आठ अक्षरं जुळली की पुरे. 'बटाटा' दिसला की अडव, असं त्याला सांगितलंय, म्हणून बटाटावडा अडतो, बटाटाभजी अडते, बटाटारस्साही अडतो. आणि तो सगळ्याच चिठ्ठ्या फाडत नाही, दहातल्या तीन-चार खिशात घालतो. त्यामुळे कुठलाच पदार्थ पूर्ण बंद पडत नाही, पण पंधरा-वीस पदार्थ एकदम थोडेथोडे कमी होतात. असे पोऱ्ये माणसाच्या शरीरात हजाराहून अधिक, आणि एकाच चिठ्ठीवर तिघाचौघांचा डोळा.

मायक्रोआरएनएबद्दलची जवळजवळ प्रत्येक आशा आणि प्रत्येक फजिती या एका पोऱ्यात आहे. एकाला हाताशी धरलं तर अख्खा मेनू हलवता येतो, ही आशा. फजिती अशी, की आपल्याला फक्त भजी हवी असतात.

चरबीच्या बाबतीत सगळ्यात देखणा पोऱ्या म्हणजे मिर-३३. देखणा म्हणते, कारण तो राहतो कुठे ते बघा. पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडलं की एसआरईबीएफ-२ नावाचं जनुक जागं होतं आणि हुकूम सोडतं: कोलेस्टेरॉल बनवा, रक्तातूनही ओढून आणा. या जनुकाचा मजकूर उतरवला जातो तेव्हा मधलीच एक पट्टी कापून बाजूला पडते. ती टाकाऊ पट्टी आहे असंच वाटत होतं. तिच्यातच मिर-३३ निघाला. आणि तो जाऊन अडवतो काय, तर एबीसीए-१ ची चिठ्ठी. एबीसीए-१ म्हणजे पेशीतलं कोलेस्टेरॉल बाहेर काढून एचडीएलच्या हवाली करणारा पंप. म्हणजे एकाच जनुकानं एका हातानं कमाई वाढवली आणि दुसऱ्या हातानं तिजोरीला कुलूप लावलं. टंचाईत संसार कसा चालवावा हे त्या जनुकाला माझ्या आजीइतकंच कळत होतं. २०१० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी ही गोष्ट एकाच वेळी 'सायन्स' मध्ये मांडली. मी तो निबंध लॅबच्या संगणकावर वाचला, दुपारी, रिपोर्ट टाइप करायचे सोडून. इतकं नीटस काहीतरी आपल्या सगळ्यांच्या पोटात रोज चालू आहे याचं मला त्या दिवशी फार अप्रूप वाटलं होतं.

मग पुढचा विचार कुणालाही सुचेल. मिर-३३ ला गप्प केलं तर पंप मोकळा सुटेल आणि एचडीएल वाढेल. २०११ मध्ये माकडांवर हे करून पाहिलं. माकडंच का, तर उंदरात एकच मिर-३३ असतो आणि माणसात, माकडात त्याचा दुसरा भाऊही असतो, चरबी बनवणाऱ्या जनुकाच्या पोटात. बारा आठवड्यांत माकडांचं एचडीएल पन्नास टक्क्यांपर्यंत वाढलं, ट्रायग्लिसराइडही उतरली. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच आपला देश येतो. कारण आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या मोठ्या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, ज्यात महाराष्ट्रही होता, ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी भरलं होतं. वाढलेलं एलडीएल ही युरोप-अमेरिकेची जुनी तक्रार. आपली तक्रार अण्णांसारखी: एचडीएल खाली, ट्रायग्लिसराइड वर.

आणि इथे गोष्ट वळली. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी मिर-३३ नसलेले उंदीर तेलकट खाण्यावर ठेवले, ते लठ्ठ झाले, यकृतात चरबी साठली. पुढच्या वर्षी दुसरा निबंध आला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात औषधानेच मिर-३३ दीर्घकाळ दाबला होता, आणि चरबीयुक्त आहारावरच्या त्या उंदरांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड चढली आणि यकृत चरबीने भरलं. हा उपाय ज्यांनी आधी उचलून धरला होता, त्यांच्यातल्याच काहींचा हा निबंध. स्वतःच्या लाडक्या कल्पनेच्या पायात अशी काठी घालायला धाडस लागतं. कारण पोऱ्याचंच. तो एबीसीए-१ एकट्याला अडवत नव्हता, चरबी जाळण्याच्या आणि बनवण्याच्या कितीतरी चिठ्ठ्या त्याच्या खिशात होत्या.

शिवाय एचडीएलचा आकडा वाढवला म्हणजे काही भलं होतं का, याचंही उत्तर तोवर आलेलं होतं. टॉरसेट्रॅपिब नावाच्या गोळीने एचडीएल सत्तर टक्क्यांहून जास्त वाढवलं. सुमारे पंधरा हजार रुग्णांवरची ती चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण गोळी घेणारे जास्त मरत होते. रिपोर्ट सुधारला, माणूस गेला. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट विशेष झोंबते. आम्ही आयुष्यभर आकडेच हातात देतो ना.

मिर-१२२ ची कथा याहून भारी आहे. यकृतातल्या सगळ्या मायक्रोआरएनएंपैकी सुमारे ७० टक्के हा एकटाच. गावचा पाटीलच म्हणा. २००५ मध्ये उंदरांत त्याला रासायनिक बोळा घालून गप्प केलं, कोलेस्टेरॉल उतरलं. पुढच्या वर्षी खाऊन लठ्ठ झालेल्या उंदरांवर तेच केलं, कोलेस्टेरॉल तर उतरलंच, यकृतातली चरबीही कमी झाली. २००८ मध्ये माकडांत कोलेस्टेरॉल उतरलं. दुसरीकडे हेपटायटिस-सी चा विषाणू वाढायला याच मिर-१२२ चा आधार घेतो हे कळलं होतं, म्हणून मिराव्हिरसेन हे औषध तयार झालं आणि २०१३ मध्ये ३६ रुग्णांवरच्या चाचणीत ते विषाणूवर चाललंही. मायक्रोआरएनएला लक्ष्य करणारं औषध माणसात काम करतं हे तिथे पहिल्यांदा दिसलं. पण मधल्या काळात, २०१२ साली, अमेरिकेतल्या आणि तैवानमधल्या दोन गटांनी मिर-१२२ मुळातच नसलेले उंदीर वाढवले. कोलेस्टेरॉल कमी होतंच. पण यकृतात चरबी, सूज, मग चट्टे आणि शेवटी कर्करोग. रक्तातली चरबी कमी दिसत होती, कारण ती यकृतातून बाहेरच पडत नव्हती. पाटलाला रजा दिली आणि धान्य कोठारातच कुजलं.

काही आठवडे दाबला तर फायदा, जन्मभर नसला तर कर्करोग. यातलं खोटं काहीच नाही, दोन्ही प्रयोग चोख आहेत. म्हणूनच 'मायक्रोआरएनए बॅलन्स करा' हे पीडीएफमधलं वाक्य वाचून मला हसू आवरेना. बॅलन्स कुठल्या अवयवातला, किती दिवस, किती? त्याच मिर-१२२ ला अडवणाऱ्या दुसऱ्या एका औषधाच्या चाचणीत रुग्णांना कावीळ झाली आणि २०१६ मध्ये अमेरिकी नियंत्रकांनी ती थांबवली. त्याच वर्षी मिर-३४ ची नक्कल टोचणारी कर्करोगावरची चाचणीही रुग्णांच्या प्रतिकारशक्तीने घातलेल्या गोंधळामुळे गुंडाळावी लागली. हेपटायटिस-सी साठी तोवर साध्या गोळ्या आल्या होत्या, त्यामुळे मिराव्हिरसेनची कुणाला आठवणही राहिली नाही.

तांदळाची एक हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण मी कोकणातली. चीनमधल्या नानजिंगच्या संशोधकांनी २०१२ मध्ये छापलं, की भातातला मिर-१६८ए पोटात पचत नाही, रक्तात उतरतो, यकृतात जाऊन एलडीएल उचलणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन अडवतो, आणि त्यामुळे एलडीएल वाढतं. दोन्ही वेळ भात खाणाऱ्या आमच्यासारख्यांनी काय करायचं! जगभर खळबळ. झाडाचा आरएनए माणसाची जनुकं हलवतो म्हटल्यावर जनुकबदल केलेल्या पिकांच्या वादातही हा निबंध ओढला गेला. पुढच्याच वर्षी इतरांनी प्रयोग पुन्हा केला. भाताचा मायक्रोआरएनए उंदरांच्या रक्तात म्हणण्यासारखा काही सापडला नाही, आणि नुसता भात खायला घातल्यावर एलडीएल का वाढलं, तर तो आहारच एकांगी होता म्हणून. इतर प्रयोगशाळांनाही ते साधलं नाही. अर्थात, फेरतपासणी करणाऱ्यांमध्ये बियाणं विकणाऱ्या एका बड्या कंपनीचे लोक होते, हेही लपवायचं कारण नाही. म्हणून मी एकाच निबंधावर विसंबत नाही, दोन्ही बाजूंनी.

कोलेस्टेरॉलच्या शास्त्राला तांदळानं काही खरंच दिलं असेल, तर ते वेगळंच आहे. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञानं सहा हजारांवर बुरशा चाळून १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन शोधलं, आणि ती बुरशी मिळाली क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर. तिथून स्टॅटिन खरोखर जीव वाचवतं हे सिद्ध व्हायला १९९४ उजाडलं: स्कँडिनेव्हियातले ४,४४४ रुग्ण, पाच वर्षांहून जास्त काळ, आणि मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. एकवीस वर्षं. मधल्या काळात कुणी 'स्टॅटिन-आधारित वेलनेस' विकलं नाही, कारण विकण्याची ही तऱ्हाच तेव्हा निघाली नव्हती.

"पण आरएनएची औषधं आली आहेत की बाजारात!" असं मला एका डॉक्टर मित्राने सुनावलं. आली आहेत, पण तो दुसऱ्या घरचा पाहुणा आहे. एलडीएल जवळपास निम्म्यावर आणणारं, सुरुवातीचे डोस झाले की सहा महिन्यांतून एकदा टोचायचं इन्क्लिसिरान, हे एका आणि एकाच चिठ्ठीवर बेतलेलं आहे: पीसीएसके-९. त्याची अख्खी वीस-एकवीस अक्षरं जुळतात, बटाटारस्सा म्हणजे बटाटारस्साच. आणि ते बनवायच्या आधी निसर्गाने प्रयोग करून दाखवला होता. जन्मतःच पीसीएसके-९ चं एक जनुक बिघडलेले कृष्णवर्णीय अमेरिकन लोक सापडले. त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी, आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी, असं २००६ मध्ये छापून आलं. आधी माणसं पाहिली, मग औषध बनवलं. मायक्रोआरएनएच्या बाबतीत आपण उंदरापासून निघालो आणि माणसापर्यंत पोचण्याआधीच दुकान उघडलं. मायक्रोआरएनएवर बेतलेल्या एकाही औषधाला आजवर बाजारात यायची परवानगी मिळालेली नाही.

मग चाचणीचं काय? औषध नाही तर नाही, आधी कळलं तर काय वाईट? अण्णांचाही हाच मुद्दा होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साखर वाढलेली दिसते तोवर स्वादुपिंडाचं बरंच नुकसान झालेलं असतं. आधी सांगणारं काही हवंच आहे. आणि ते शोधायला आपल्याइतकी चांगली जागा जगात क्वचित असेल.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये एक छायाचित्र छापलं. ते स्वतः आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. हा फरक जन्मापासूनचा आहे हे त्यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेल्या अभ्यासातून दाखवलं. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ सगळ्या बाजूंनी लहान, पण चरबी त्या मानाने राखून. बारीक आणि तरीही चरबीदार. अण्णांचं काटकुळेपण आणि ताणलेलं बटण हे असं आईच्या पोटातूनच आलेलं असू शकतं. लिन-४ ज्या वर्षी छापला त्याच वर्षी हा अभ्यास सुरू झाला, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो. कारण पुढे त्या गावांतल्या मुलींच्या लहानपणच्या आणि किशोरवयातल्या रक्तात मायक्रोआरएनए मोजले गेले, आणि १८ व्या वर्षीच्या पूर्वमधुमेहाशी त्यातल्या काहींचा संबंध दिसला. २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

मग झालं की! विका आता. नाही. इथेच फरक समजून घ्यायला हवा. मुलींच्या एका गटाची दुसऱ्या गटाशी तुलना केली, तेव्हा सरासरीत फरक पडला. त्यावरून एखाद्या मुलीच्या आईला 'हिला होणार' असं सांगता येत नाही. एकाच नळीतल्या एकाच आकड्यावरून तर नाहीच. आणि मुख्य म्हणजे तो अभ्यास करणाऱ्यांकडे वर्षानुवर्षं जपलेले नमुने होते, थंडगार, नोंद केलेले, एकाच हातानं हाताळलेले. त्यातलं एखादंही सीरम गुलाबी असेल तर ते बाजूला काढायला माणूस होता. अण्णांची नळी कुरियरने जाणार.

म्हणून पैशाची माझी मागणी वेगळी आहे. संशोधनावर आपण देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हे वाक्य इतक्यांदा छापून आलंय की त्याची लाज वाटेनाशी झाली आहे. या पैशातून पुण्याच्या अभ्यासासारखे आणखी चार-पाच दीर्घ अभ्यास उभे राहायला हवेत: एखादा गोव्यात, कारण इंडियाबच्या २०२३ च्या अहवालात देशाचं मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के असताना गोव्याचं २६.४ टक्के भरलं, देशात सगळ्यात जास्त. एखादा मराठवाड्यात, एखादा मेळघाटात. रक्त गोळा करायचं, नीट थंड ठेवायचं, आणि वीस वर्षं माणसांच्या मागे राहायचं. याचा निकाल कुठल्याच मंत्र्याच्या कारकिर्दीत लागणार नाही. अँब्रोस आणि रुव्हकुनच्या किड्याकडेही सात वर्षं कुणी पाहिलं नव्हतंच.

आणि विक्रीचं? औषधाच्या जाहिरातींसाठी १९५४ चा कायदा आहे. मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार बरा करतो असा दावा छापता येत नाही. लोक छापतात ही गोष्ट वेगळी. चाचणी मात्र 'बरं करतो' म्हणतच नाही. ती म्हणते 'सांगतो'. बाजारात डब्यात विकलं जाणारं तपासणीचं किट २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतं, पण लॅबने स्वतःच्या चार भिंतींत रचलेली चाचणी त्या चाळणीतून सहज निसटते. प्रयोगशाळा तपासून शिक्का देणाऱ्या एनएबीएलची मान्यता ऐच्छिक. आणि ती असली तरी तिने मोजमाप नीट झालं एवढंच कळतं. त्या मापाचा रुग्णाला उपयोग काय, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. माझी मागणी एवढीच, की जी नवी चाचणी आजाराचं भाकीत करते असं सांगून पैसे घेते, तिने विकण्याआधी दाखवावं: भारतीय माणसांत, साध्या साखरेच्या आणि लिपिडच्या चाचणीपेक्षा, कमरेच्या मापापेक्षा, तुझ्यामुळे जास्त काय कळलं? आणि कळल्यावर डॉक्टरने वेगळं काय केलं? या दुसऱ्या प्रश्नाला आज कुठल्याही मायक्रोआरएनए पॅनेलकडे उत्तर नाही. आकडा काहीही येवो, फुकटचा आहाराचा तक्ता तोच.

नियमाने काय साधतं याचा नमुना आपल्याकडेच आहे. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ मध्ये २ टक्क्यांची मर्यादा घातली. ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि एचडीएल घटवतं, दोन्हीकडून मारतं. ज्यांनी आयुष्यात लिपिड प्रोफाइल केला नाही, अशा खारी-बटर खाणाऱ्या कोट्यवधी माणसांपर्यंत नियमाची ती एक ओळ पोचली. अंमलबजावणी किती कडक, यावर मी वेगळं भांडेन. पण पोचायची वाट ती आहे.

तंत्रज्ञानाला घाबरतेस, असं माझ्या भाच्याचं मत पडलं. तो बंगळूरला असल्याच कशात तरी आहे. त्याला म्हटलं, बाळा, घाबरत नाही, मला ते इतकं आवडतं की कुणी त्याचा भाजीपाला केला की राग येतो. मिर-३३ चा निबंध वाचताना मी रिपोर्ट टाइप करायचे विसरले होते. दहा-पंधरा वर्षांनी यातूनच एखादी चाचणी निघेल, आणि ती उपयोगाची असेल, असं मला मनापासून वाटतं. तोवर आज फसलेला माणूस तिच्यावर विश्वास ठेवायला शिल्लक राहायला हवा.

अण्णा अजून बसलेच होते. चहा झाला होता. "मग मी काय करू?" म्हणाले.

आशाताई दारी येतात तेव्हा तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला मधुमेह, आणि कमरेचं माप. पुरुषाचं ९० सेंटिमीटरच्या पुढे गेलं, बाईचं ८० च्या पुढे, की गुण चढतात. अण्णांनी गेल्या वेळी "घाईत आहे" म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं, हे मला त्यांच्या बायकोने सांगितलेलं आहे.

मी शिलाईच्या मशिनच्या खणातून टेप काढली. अण्णा उठून उभे राहिले, शर्ट वर केला आणि श्वास आत ओढला.

"श्वास सोडा, अण्णा."

"सोडलाय की."

"नाही सोडलेला."

मग त्यांनी सोडला. ९७ भरलं.